पूर मोजायला दुतोंड्या मारुती आहे, बालपण मोजायला काय?

चार दिवस पाऊस लागून राहिला आणि गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की नाशिकमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" रामकुंडाजवळ गोदापात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, मारुती बुडाला. 1969 चा पूर पाहिलेले आजोबा आणि 2019 चा पूर पाहिलेली नात कोणता पूर मोठा यावर वाद घालू शकतात, कारण दोघांचा मारुती एकच आहे.

बालपणाची तुलना करताना असा मारुती आपल्याकडे नसतो. प्रत्येक जण आपापल्या आठवणीतल्या पायरीवर उभा राहून पाणी मोजतो.

गेल्या दिवाळीत पंचवटीतल्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. धाकटे काका, मी, आत्या आणि तिचा मुलगा, माझा मुलगा आणि माझी भाची. फराळाचं ताट अर्धं व्हायच्या आत वाद पेटला. काका म्हणाले, "आमच्या वेळी पोरं दिवसभर गंगेवर असायची. हल्लीची पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत." (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो.) माझा मुलगा म्हणाला, "काका आजोबा, तुमच्या हातात तेव्हा मोबाइल असता तर तुम्ही काढली असती?" आत्याचा मुलगा म्हणाला, खरं बालपण आमचंच, आम्ही मैदानही पाहिलं आणि इंटरनेटही. कुणीच खोटं बोलत नव्हतं, तरी बोलणं काही जुळेना. ते का जुळत नाही, हे मला नीट समजून घ्यायचं होतं. जे समजलं ते इथे सांगते.

एका वाक्यात तीन गोष्टी

"आमच्या वेळी असं नव्हतं" या वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. लोकसंख्येचा आणि समाजाचा अभ्यास करणारे त्या वेगळ्या काढायचा प्रयत्न करतात: वय, काळ आणि पिढी.

वयाचं सोपं आहे. तेरा-चौदा वर्षांचं मूल दार लोटून बसतं आणि प्रश्नाला एका शब्दात उत्तर देतं. 1984 साली आमचे काकाही गच्चीवर जाऊन बसायचे आणि आजी जिन्याखालून हाका मारून दमायची. मोबाइल तर नव्हताच. तेव्हा दोष रेडिओला आणि 'वाईट संगती'ला दिला जायचा. या वयाचं मूल कोणत्याही दशकात असंच वागतं. त्यातला बराचसा भाग वयाचा असतो, पण आपण तो काळाच्या नावावर टाकतो.

काळ म्हणजे सगळ्यांवर एकाच वेळी आलेली गोष्ट. 2020 चा लॉकडाउन आठवा. सहा वर्षांचं पोर, सोळा वर्षांची मुलगी आणि सासष्ट वर्षांच्या आजी, तिघंही एकाच वेळी घरात अडकली.

आणि पिढी? तोच लॉकडाउन घ्या. सहा वर्षांच्या मुलाचं अक्षर गिरवायचं वर्ष गेलं, पहिली-दुसरी त्याने फोनच्या पडद्यावर काढली. सोळा वर्षांच्या मुलीची 2021 ची दहावीची परीक्षा झालीच नाही. आजींचं रोजचं देवळात जाणं थांबलं, पण त्यांना वाचायला आधीपासून येत होतं आणि त्यांची परीक्षा केव्हाच होऊन गेली होती. म्हणजे संकट एकच, पण ते कोणत्या वयात गाठतं त्यावर त्याचा वळ कुठे उठणार ते ठरतं. हा वळ पुढे जन्मभर सोबत राहतो, आणि तोच एका पिढीला दुसरीपासून वेगळं करतो. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने 1928 मध्येच हे मांडलं होतं: नुसतं एका सुमाराला जन्मून पिढी होत नाही, कोवळ्या वयात एकाच घडामोडीतून जावं लागतं.

आता खरी अडचण. हे तीन धागे पूर्णपणे सुटे करता येत नाहीत. माझा मुलगा 2005 चा. 2015 मध्ये तो 10 वर्षांचा होता. जन्मसाल आणि चालू साल सांगितलं की वय आपोआप ठरतं, कोणतेही दोन आकडे घेतले की तिसरा आलाच. त्यामुळे "ही पोरं अशी का?" याचं उत्तर नुसत्या आकडेमोडीतून कधीच पूर्ण मिळत नाही. करता येतं ते इतकंच, की एक धागा घट्ट धरून ठेवायचा आणि मग उरलेल्यांकडे पाहायचं. पंचावन्न वर्षांच्या काकांची वीस वर्षांच्या मुलाशी तुलना करण्यात अर्थ नाही. दहा वर्षांचे काका आणि दहा वर्षांचा माझा मुलगा, अशी तुलना करायला हवी.

सिंहस्थाची पट्टी

इंटरनेटवर मिलेनियल, जेन झी अशी पिढ्यांची नावं सर्रास चालतात. मला ती आपल्यासाठी उसनी वाटतात. 1946 ते 1964 या काळात जन्मलेल्यांना अमेरिकेत 'बूमर' म्हणतात, कारण महायुद्धानंतर तिथे जन्मदर एकदम उसळला आणि मग उतरला. आपल्याकडे 1971 मध्येही एका बाईमागे सरासरी 5 हून जास्त मुलं होती. उसळी नाही, उतार नाही, मग नाव कशाला लावायचं? 1981 ते 1996 मधल्या 'मिलेनियल' मुलांनी म्हणे लहानपणी घरात संगणक पाहिला. मी 1981 ची. दहाव्या वर्षी माझ्या ओळखीतलं सगळ्यात नवलाईचं यंत्र म्हणजे शेजाऱ्यांचा रंगीत टीव्ही.

नाशिकला स्वतःची पट्टी आहे. दर बारा वर्षांनी, गुरू सिंह राशीत आला की, सिंहस्थ कुंभमेळा येतो. गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला 11.86 वर्षं लागतात, म्हणून अधूनमधून तो अकराव्याच वर्षी येतो. 1980, 1991, 2003, 2015, आणि आता 2027. एका सिंहस्थापासून दुसऱ्यापर्यंत एक बालपण जवळपास पूर्ण होतं. आमच्या घरात योगायोगाने या प्रत्येक सिंहस्थाला कुणी ना कुणी दहा वर्षांचं होतं. काका 1980 मध्ये, मी 1991 मध्ये, आत्याचा मुलगा 2003 मध्ये, माझा मुलगा 2015 मध्ये. भाची 2027 मध्ये दहा वर्षांची होईल.

मग दिवाळीच्या त्या दुपारी मी नाशिकचा मोठा नकाशा जमिनीवर पसरला आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "दहा वर्षांचे असताना कुणी मोठं माणूस बरोबर नसताना तुम्ही घरापासून किती लांब जायचात?" पेन्सिल हातात दिली. प्रश्न साधा होता, पण त्याने घरातला आवाज एकदम खाली आला. सगळे नकाशावर वाकले.

काकांची पेन्सिल पंचवटी कारंजावरून निघाली आणि गंगापूर रोडने थेट सोमेश्वरच्या धबधब्यापर्यंत गेली. सात-आठ किलोमीटर. भाड्याची सायकल, तासाच्या हिशेबाने, दोघांत एक, आळीपाळीने डबलसीट. कॉलेज रोड संपला की पुढे मळे आणि द्राक्षबागा होत्या. तेव्हा नाशिक महापालिकासुद्धा नव्हती. ती 1982 मध्ये झाली, नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची गावं एकत्र करून. घरी टीव्ही नव्हता. संक्रांतीच्या आधी आठवडाभर काचेची पूड, सरस आणि रंग असं सगळं गोळा करून मांजा घरीच सुतायचा. बोटं कापायचीच. आसारी (मांजा गुंडाळायची फिरकी) हातात आली की पोर मोठं झालं असं समजायचे.

माझी पेन्सिल अहिल्याबाई होळकर पूल ओलांडून, ज्याला जुनी माणसं व्हिक्टोरिया पूलच म्हणतात, रविवार कारंजावरून सार्वजनिक वाचनालयापर्यंत गेली आणि थांबली. दीड किलोमीटरसुद्धा नाही. वाचनालय 1840 चं आहे. तिथल्या बालविभागात दर शनिवारी पुस्तक बदलायचं, हे माझ्या जगातलं सगळ्यात लांबचं स्वतंत्र गाव. दिवेलागणीच्या आत घरी. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठ्या काकांचं वर्तुळ माझ्या पाचपट का होतं, याचं उत्तर काळात नाही. ते मुलगे होते आणि मी मुलगी. आत्यानेही मग पेन्सिल मागितली. तिची दहा वर्षं 1972 च्या दुष्काळात भरलेली. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तिला अजून आठवते. तिची रेघ घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून नळापर्यंत गेली, तिथेच संपली. म्हणून "पूर्वी पोरं मोकळी हिंडायची" हे वाक्य ऐकलं की मी आता विचारते, कोणती पोरं?

1991 बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्या वर्षी दोन गोष्टी अगदी लागून घडल्या. 24 जुलैला दिल्लीत तो अर्थसंकल्प मांडला गेला ज्याने परवान्यांचं राज्य मोडायला सुरुवात केली, आणि त्याच पावसाळ्यात रामकुंडावर शाही स्नानाची गर्दी उसळली. आम्हाला अर्थातच फक्त गर्दी दिसली. साधूंचे तंबू, तपोवनातला धूर, पाहुण्यांनी भरलेलं घर, ओसरीवर झोपलेली दहा माणसं. त्या अर्थसंकल्पाचा परिणाम घरात पोचायला काही वर्षं लागली: आधी केबल, मग पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गल्लोगल्ली, मग सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नवी माणसं, नव्या स्कूटर. शहर भराभर वाढलं. 1991 च्या जनगणनेत साडेसहा लाख, 2001 मध्ये पावणेअकरा लाख, 2011 मध्ये जवळपास 15 लाख. काळाचा परिणाम असाच असतो. तो ज्या दिवशी घडतो त्या दिवशी मुलांना दिसत नाही, त्यांच्या रोजच्या रस्त्यावर तो हळूहळू उतरतो.

2003 च्या मुलाची रेघ मजेशीर निघाली. शाळा इंदिरानगरला, क्लास कॉलेज रोडला, पोहणं तिसरीकडे. अंतर भरपूर, पण सगळं व्हॅनमध्ये बसून किंवा बाबांच्या स्कूटरवर. एकट्याने म्हणाल तर कोपऱ्यावरचा सायबर कॅफे. त्या सिंहस्थात 27 ऑगस्टला चेंगराचेंगरी होऊन 39 भाविकांचा जीव गेला. तो म्हणतो, त्यानंतर गर्दीत आईने त्याचं मनगट धरलेलं त्याला अजून जाणवतं. त्याच वर्षी 1 मेपासून मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि आईबाबांच्या हातात मोबाइल आला. मूल कुठे आहे हे कळण्याची सोय झाली, आणि सोय झाल्यावर ते कळायलाच हवं असं वाटू लागलं.

माझ्या मुलाची रेघ सोसायटीच्या गेटपाशी संपली. त्याने ती काढली आणि पेन्सिल काकांच्या हातात परत दिली.

वर्तुळ का आकसलं

सगळा दोष मोबाइलला देणं चुकीचं आहे. 2015 मध्ये माझ्या मुलाच्या हातात स्वतःचा फोन नव्हता, आणि स्वस्त इंटरनेटची लाट 2016 च्या सप्टेंबरनंतर आली. गेट त्याआधीच बंद झालं होतं.

पहिलं कारण रस्ता. काकांनी ज्या रस्त्यावर डबलसीट सायकल मारली तिथे आज मलाच दुचाकी वळवताना धडकी भरते.

दुसरं कारण घरातली माणसं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 1992-93 मध्ये एका बाईमागे सरासरी 2.9 मुलं होती, 2019-21 मध्ये 1.7. चार भावंडांत मोठं धाकट्याला सांभाळतं, वाड्यातल्या दहा मुलांत कुणाचं ना कुणाचं लक्ष असतं. दुपारी ओट्यावर गहू निवडत बसलेल्या बायका म्हणजे अख्ख्या गल्लीवर पहारा होता. आता एका घरात एक मूल, शेजारी दार बंद, दोघं आईबाबा कामावर. हे मूल जपलं जातं यात नवल नाही. पण त्याच्यावर नजर ठेवायला आता गल्ली नाही, फक्त आईबाबाच आहेत, आणि दोन माणसांची नजर सोमेश्वरपर्यंत पोचत नाही.

तिसरं कारण म्हणजे मोकळे प्लॉट संपले. एवढंच.

बदल्यात मुलाला काय मिळालं, हेही त्याच नकाशावर मांडायला हवं. दहाव्या वर्षी तो नागपूरच्या एका मुलाशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळायचा. शाळेत त्याला छडी माहीत नाही. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला बंदी आहे. काका अजूनही म्हणतात, "मास्तरांनी मारलं म्हणून आम्ही सुधारलो." त्याच वर्गातली जी मुलं माराच्या भीतीने शाळा सोडून गेली, ती आज फराळाला आपल्याबरोबर बसून काही सांगत नाहीत.

जे सांगायला उरले नाहीत

"आम्हाला कुठे एवढ्या लसी होत्या? आम्ही नाही का जगलो?" हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ते उलगडून पाहायला हवं. प्रश्न जगलेल्यांनाच विचारता येतो.

माझी आजी आपल्या बाळंतपणांबद्दल बोलताना बोटांवर मोजायची. सात. मग तीन बोटं मिटायची आणि चार उघडी ठेवायची. त्या मिटलेल्या तीन बोटांचं बालपण कुठल्याच आठवणीत येत नाही. भारतात 1981 मध्ये जन्मलेल्या 1,000 बाळांपैकी 110 पहिला वाढदिवस पाहायच्या आत जात. 1991 मध्ये 80, 2001 मध्ये 66, 2011 मध्ये 44, 2020 मध्ये 28. 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं, 1995 पासून पल्स पोलिओचे रविवार आले, आणि देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला. दशकांची तुलना करताना मी हा आकडा सगळ्यात वर ठेवते. बाकी सगळ्या आनंदांची मोजणी त्याच्या नंतर.

आठवण स्वतःही गाळणी लावते. वयाच्या दहा ते तीस या वर्षांतल्या गोष्टी माणसाला म्हातारपणी जास्त ठळक आठवतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. पहिली सायकल, पहिली मैत्री, पहिली नोकरी सगळी तिथेच असते. शिवाय वाईट प्रसंगाची बोच चांगल्या प्रसंगाच्या आनंदापेक्षा सहसा लवकर बोथट होते. त्यामुळे काकांना धबधबा आठवतो आणि रॉकेलच्या रांगेतले दोन तास आठवत नाहीत. माझ्या मुलालाही पुढे सोसायटीचं गेट आठवणार नाही, गेटवर मित्रांबरोबर मारलेल्या गप्पा आठवतील.

आणि एकच दशक सगळ्यांना सारखं भेटत नाही. माझ्या आसपासच्याच वयाची, 1985 मध्ये जन्मलेली कविता राऊत त्र्यंबक भागातल्या सावरपाड्यात वाढली. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटर धावण्यात कांस्यपदक आणलं तेव्हा मी टीव्हीसमोर बसून रडले होते. सावरपाडा आमच्या घरापासून तासा-दीड तासावर. मी नव्वदच्या दशकात वाचनालयाचं पुस्तक बदलत होते तेव्हा पेठ-सुरगाण्याकडची माझ्या वयाची मुलं आईबापांबरोबर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरत होती, आणि हंगामापुरती त्यांची शाळा सुटत होती. 'नव्वदचं बालपण' म्हणून जे काही लिहिलं जातं त्यात ती मुलं मला कधी सापडली नाहीत.

म्हणून आता घरात कुणी "आमच्या वेळी" म्हटलं की मी मोठा प्रश्न सोडून बारीक प्रश्न विचारते. शाळेतून घरी कोण आणायचं? ताप आला तर आधी कुणाकडे जायचात? रात्री कुणाशेजारी झोपायचात? खर्चायला पैसे किती मिळायचे आणि हिशेब कोण मागायचं? भीती कशाची वाटायची? असं विचारलं की माणसं शेरे मारत नाहीत, आठवायला लागतात.

त्या दिवशी शेवटचा प्रश्न मात्र मी विचारला नाही. नकाशा गुंडाळताना भाची काकांना म्हणाली, "आजोबा, तुम्ही एवढे लांब जायचात, मग हरवलात तर घरी कसं कळवायचात?"

काका हसले. "कळवायचं कसलं? चालत राहायचं, घर येतंच." मग थोडं थांबून म्हणाले, "एकदा हरवलो होतो. ऐंशीच्या सिंहस्थात, गंगेवर. पोलिसांनी मांडवात नेऊन बसवलं. भोंग्यावर माझं नाव घेत होते, पण गर्दीच्या आवाजात घरच्यांना ऐकूच जाईना. दुपारपासून अंधार पडेपर्यंत बसलो होतो. शेजारी अजून एक पोरगं होतं, त्याला त्याच्या गावाचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. मला वाटलं, आता आम्ही दोघं इथलेच."

आमच्यापैकी कुणीही ही गोष्ट आधी ऐकली नव्हती. आत्यानेही नाही.

"मग तुमची आई ओरडली?" भाचीने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "मांडवात आली, मला पाहिलं, आणि हातातली कळशी खाली ठेवून तिथेच मातीत बसली. बराच वेळ उठलीच नाही."